आधी आकडा सांगितलास, तिथे चुकलीस

मावशी, सा. न. वि. वि.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आल्यावर बाबांनी साडेतीन एकर रानात द्राक्षं लावली. आता राष्ट्रीय महामार्गाचा बाह्यवळण रस्ता गावाच्या खालच्या अंगाने जाणार आहे आणि त्याची रेघ बरोबर आमच्या बागेच्या पोटातून गेली आहे. सव्वा एकर जाईल, विहीर त्यातच. उरलेलं रान रस्त्याच्या दोन अंगांना दोन तुकडे.

मी पुण्यात, मगरपट्ट्यात नोकरी करते. गेल्या रविवारी गावी गेले तेव्हा जेवताना विषय निघाला. मी म्हटलं, "बाबा, रस्ता तर व्हायलाच हवा," आणि फोनवर हिशोब करून किती पैसे येतील तो आकडाही सांगितला. बाबा ताटावरून उठले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. "सरकार चोर आणि पोरगी त्याची वकील," असं आईला म्हणाले. भाऊ सही करायला एका पायावर तयार आहे आणि पैसे लवकर निघावेत म्हणून मी हक्कसोडपत्र द्यावं असं त्याचं म्हणणं. बागेतच राहून बारा वर्षं राबणारं एक जोडपं आहे, त्यांचं नाव कुणी काढत नाही. मागच्या आठवड्यात पेपरात आमचा गट नंबर छापून आलाय.

सरकारने अशी कुणाचीही जमीन घेणं बरोबर असतं का? की बाबाच आडमुठेपणा करतायत? आणि माझं नेमकं काय चुकलं?

दोन्हीकडून बोलणी खाणारी

*

अगं,

मी एकतीस वर्षं महसूल खात्यात काढली, त्यातली नऊ भूसंपादनाच्या टेबलावर. नोटिसा मी टाइप केल्यात, त्या बजावल्याचे कोतवालाचे अहवाल फायलीला लावलेत, रजिस्टरवर थरथरत्या अंगठ्यांचे ठसे घेतलेत. आणि माझं आजोळ एका धरणाच्या पाण्याखाली आहे. म्हणजे फायलीवर सही करणाऱ्यांतही मी होते आणि फायलीखाली दबलेल्यांतही. तुझे तीन प्रश्न आहेत. उत्तरं देते, पण तू विचारलेस त्या क्रमाने नाही.

रस्ता हवा हे तुझं मत चुकीचं नाही. तुमच्या माळावर जे पाणी आलं, ते आकाशातून आलं नाही. कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून आणलंय आणि वाटेत तो कालवा कुणाच्या तरी ज्वारीतून, कुणाचा तरी बांध फोडून आलाय. नदीत पाणी टिकावं म्हणून कोयनेतून सोडतात. त्या कोयनेत गावंच्या गावं गेली आणि त्या लोकांची नातवंडं अजून पुनर्वसनाचे कागद घेऊन कलेक्टर कचेरीपुढे बसतात. बाबांच्या मण्यात जी साखर भरते, तिच्यात या माणसांचाही वाटा आहे. हे बाबांना आज सांगू नकोस हं. तुला म्हणून सांगते.

कालवा, रेल्वे, रस्ता, पाण्याची मोठी पाइपलाइन यांना सलग पट्टा लागतो. शंभरातल्या नव्व्याण्णवांनी हो म्हटलं आणि मधला एक अडून बसला, तर नव्व्याण्णवांचं दिलेलंही वाया जातं. त्यातून मग अडून बसणं हाच काहींचा धंदा होतो. मी असे दोघे-तिघे पाहिलेत, शेवटपर्यंत थांबून भाव वाढवणारे. म्हणून जमीन घेण्याचा अधिकार सरकारकडे असावा लागतो. तो काढून टाका म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. घटनेत मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत होता. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून निघाला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये गेला. कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, एवढंच तिथे म्हटलंय. वरवर पाहिलं तर फार तुटपुंजं संरक्षण.

पण मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात त्या एका ओळीत काय काय भरलंय ते उलगडून सांगितलं. सात गोष्टी. नोटीस मिळाली पाहिजे. म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. निर्णय कारणांसह दिला पाहिजे. घेणं सार्वजनिक कामासाठीच असलं पाहिजे. योग्य भरपाई मिळाली पाहिजे. सगळी कारवाई नीट आणि वेळेत झाली पाहिजे आणि तिचा शेवट झाला पाहिजे, अर्धवट लटकत ठेवायची नाही. आता यात पैसा कितवा आहे ते मोज. पाचवा. त्याच्या आधी चार पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या पहिल्या तिन्ही पायऱ्या माणसाला माणूस म्हणून विचारण्याच्या आहेत.

तू जेवताना थेट पाचव्या पायरीवर उडी मारलीस. तुझं मत बरोबर होतं, क्रम चुकला. आणि माझ्या मते सरकारचंही बहुतेक वेळा हेच होतं. रस्ता खरा लागतो, धरण खरं लागतं, पण आधी मोजतात, मग ठरवतात, मग भाव सांगतात आणि विचारायचं राहिलंच होतं म्हणून शेवटी विचारतात. असं झालं की चांगल्या कामासाठी घेतलेली जमीनसुद्धा हिसकावल्यासारखी होते.

माझी आजी नव्वदीत गेली. गाव उठलं तेव्हा त्यांनी घराची चौकट उखडून बैलगाडीत घातली होती, कारण नव्या जागी लाकूड मिळेल की नाही ठाऊक नव्हतं. नव्या जागी मिळालं माळरान, आणि त्यावर आधीच कुणीतरी पेरत होतं. ती चौकट तीन वर्षं एका छपराला टेकून उभी होती. आजी धरणाला कधी शिव्या देत नसे. खालच्या गावांना पाणी मिळालं, बरं झालं म्हणायची. तिचं दुखणं वेगळंच होतं. "मागायला कुणी आलं असतं तर वट्यावर बसवून दिली असती. न्हेली ती न्हेली, वर आम्हालाच आडवं आल्याला म्हणाले."

पुण्यात राहतेस तर पावसाळ्यात मुळशीला भजी खायला गेली असशील. त्या पाण्याखालची गोष्ट तुला माहीत असायला हवी. मुंबईला वीज द्यायची म्हणून टाटांच्या कंपनीने नीला-मुळेच्या संगमावर धरण बांधायचं ठरवलं. जमीन मिळवून द्यायला सरकारकडे १८९४ चा भूसंपादन कायदा होता. जमीन रीतसर ताब्यात येण्याआधीच कंपनीने मावळ्यांच्या रानात खोदाई सुरू केली, आणि तिथेच ठिणगी पडली. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पुढे पांडुरंग महादेव बापट त्याचे सेनापती झाले आणि ते 'सेनापती' नाव त्यांना जन्माचं चिकटलं. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. लोक तुरुंगात गेले, बायाही गेल्या. धरण झालंच.

मला मात्र त्या लढ्यातली दुसरीच गोष्ट छळते. मुळशी पेट्यातली पुष्कळ जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांच्या नावे होती आणि कसत होते मावळे. भात पिकवणाऱ्याला जमीन हवी होती. सावकाराला ती पैसा देऊन गेली तरी चालणार होती, उलट मोबदला जितका चढेल तितकं बरंच. त्यामुळे दोघांच्या विरोधाची जात वेगळी होती आणि वेळ आल्यावर सावकारांचा विरोध मोबदल्यात विरघळला. नुकसान एकाचं झालं आणि पैसा दुसऱ्याला मिळाला. तुझ्या बागेतल्या त्या जोडप्याकडे मी नंतर येते, पण ही गोष्ट लक्षात ठेव.

नव्या मुंबईच्या वेळी तेच, जरा वेगळ्या तऱ्हेने. १९७० पासून ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन नवं शहर वसवायला घेतली. शहर खरोखर लागत होतं, मुंबई तुंबली होती. पण शेतकऱ्याला मिळाला भातखाचराचा भाव आणि त्याच जमिनीचे पुढे विकले गेले शहरी भूखंड. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात ५ जण गेले. त्यातून पुढे 'साडेबारा टक्के' आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत. विमानतळाच्या वेळी तो आकडा साडेबावीसवर गेला. जे पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, ते माणसं मेल्यावर दिलं. तू ज्या मगरपट्ट्यात रोज पंच करून आत जातेस, तिथे हडपसरच्या मगरांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच शहर उभं केलं आणि कंपनीत भागीदार राहिले. सरकारला घ्यावीच लागली नाही. सगळीकडे असं जमत नाही, मान्य. पण जमीन वाढते त्या वाढीत मालकाला ठेवता येतं, हे त्या काचेच्या इमारतींकडे बघून तरी पटावं.

आणि विचारलं की काय होतं? पेण तालुक्यात २००८ च्या सप्टेंबरात ते झालंय. महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन घ्यायची होती, कंपनी खाजगी. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने लोकांचं मत नोंदवून घेतलं. लोकांनी नको म्हटलं. संपादन बारगळलं आणि राज्य काही बुडालं नाही. समृद्धी महामार्गाच्या वेळी आधी जमीन एकत्रीकरणाची योजना आणली होती, ती शेतकऱ्यांनी धुडकावली. मग सरकारने थेट खरेदीचा मार्ग धरला, भाव वाढवले, बऱ्याच जणांनी आपणहून खरेदीखतं करून दिली. ७०१ किलोमीटरचा रस्ता झालाच ना? सगळे खूश नव्हते, पण विचारल्याने रस्ता अडतो हे म्हणणं खोटं ठरलं.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने हा क्रम सरळ करायचा प्रयत्न केला. १ जानेवारी २०१४ ला तो लागू झाला. आधी सामाजिक परिणामांचा अभ्यास, ग्रामसभेपुढे सुनावणी, कमीत कमी जमीन कशी लागेल याचा विचार, मग अधिसूचना. खाजगी कंपनीसाठी घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सरकार आणि खाजगी भागीदारीत असेल तर ७०. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला संमतीची अट नाही. कायदा कागदावर चांगला आहे गं, पण त्याला पळवाटाही तितक्याच. आपल्याच राज्याने २०१८ मध्ये दुरुस्ती करून पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे वगैरेंना त्या अभ्यासातून सूट द्यायची सोय करून ठेवली. घेतलेली जमीन पाच वर्षं वापराविना पडून राहिली तर मूळ मालकाला परत करावी 'किंवा' सरकारच्या भूमी-बँकेत जमा करावी, असंही मूळ कायद्यात आहे. त्या 'किंवा'चा अर्थ काय होतो हे सांगायला एकतीस वर्षांची नोकरी लागत नाही.

तुमचा रस्ता मात्र या वाटेने जाणारच नाही. त्याला लागतो १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा. त्यात ना परिणामांचा अभ्यास, ना संमती. आखणी आधीच कुठल्यातरी सल्लागार कंपनीच्या संगणकावर ठरलेली असते. मग निघते कलम थ्री-ए ची अधिसूचना, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा जाहीर होतो, ती पेपरात छापतात, त्यावर हरकतीला २१ दिवस. सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुतेक तुमचे प्रांतच, सुनावणी घेतात. हरकत फेटाळली की थ्री-डी, म्हणजे संपादनाची घोषणा. आणि थ्री-डी निघाली की जमीन थेट केंद्र सरकारच्या मालकीची, मोबदला ठरायच्याही आधी! बाबा 'चोर' म्हणतात ते मला पटत नाही, पण हा क्रम कुणी मला पहिल्यांदा वाचून दाखवला असता तर मीही ताटावरून उठले असते.

आता बाबा आडमुठे आहेत का? अजून सांगता येणार नाही. त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही, मग त्यांनी नाकारलं काय? गावातून धडधडत जाणारे ट्रक बाहेरून गेले तर शाळेच्या पोरांचा जीव वाचेल, ही सार्वजनिक गरज खरी आहे. पण 'गावाला बाह्यवळण हवं' आणि 'ते या विहिरीवरूनच हवं' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. दुसऱ्याचं कारण सरकारने द्यायचंय. शेजारून पडीक रान जात असेल तर बाग का? दोनशे फूट सरकवून विहीर वाचते का? कुणाची बिगरशेती केलेली जागा वाचवायला रेघ वाकवली आहे का? या प्रश्नांना कारणांसह उत्तर मिळालं आणि ते पटण्यासारखं असलं, तरीही बाबा नाहीच म्हणाले, तर त्या दिवशी त्यांना मी आडमुठे म्हणेन.

हरकत याच भाषेत लिहायची. 'विकासाला विरोध', 'शेतकरी उद्ध्वस्त' असलं लिहिलेल्या हरकती मी स्वतः 'सबब फेटाळण्यात येत आहे' लिहून निकाली काढल्यात. लाज वाटते, पण खरं आहे. ज्या हरकतीत गट नंबर, नकाशा, विहिरीची जागा आणि पर्यायी रेघ असते, ती फेटाळायला साहेबाला कारण लिहावं लागतं, आणि ते पुढे कोर्टात लागतं. तीन प्रती कर, एकीवर शिक्का मारून पोच घे. रेघ हलणारच नसेल तर दोन तुकड्यांना जोडणारा भुयारी मार्ग आणि ठिबकची पाइपलाइन रस्त्याखालून न्यायची सोय, हे आत्ताच लेखी माग. डांबर पडल्यावर मागितलेला भुयारी मार्ग मी आजवर मिळालेला पाहिला नाही.

संयुक्त मोजणीला बाबा जातीने हजर असले पाहिजेत. विहीर, मांडवाचे अँगल आणि तारा, ठिबक, बेदाण्याचं शेड, बांधावरची आंब्याची झाडं, सगळं तिथे नोंदलं गेलं पाहिजे. सातबारावर विहीर आहे का? पीक पाहणीत द्राक्ष लागलंय की अजून ज्वारीच चाललीय? बघून घे. मी असा एक जण पाहिलाय ज्याची दहा वर्षांची बाग तलाठ्याच्या दप्तरात जिरायत होती. हक्कदार माणूस, आणि सिद्ध करताना रडकुंडीला आला.

तू फोनवर हिशोब केलास तो मला कळव, कारण तो बहुतेक चुकलेला असणार. २०१५ पासून महामार्गालाही २०१३ च्या कायद्याप्रमाणे भरपाई आहे. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला, दर एका बाजूला, आणि आसपासच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतल्या वरच्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी दुसऱ्या बाजूला, यातलं जे जास्त ते धरतात. त्याला ग्रामीण भागात १ ते २ मधल्या गुणांकाने गुणतात. कुठला गुणांक लावला ते विचारायचं, फरक दुपटीचा पडतो. त्यात झाडं, विहीर, बांधकाम मिळवायचं आणि तेवढीच रक्कम पुन्हा दिलाशापोटी, कचेरीत जिला सोलेशियम म्हणतात ती. आता गंमत बघ. आपल्याकडे मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवायची आणि उरलेले हातावर द्यायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तीच खतं सरासरीला येतात. सरकारने भाव पाडला म्हणून आपण ओरडतो, तेव्हा तो निम्मा आपणच पाडलेला असतो.

शिवाय रान तुटल्यामुळे उरलेल्या तुकड्यांचं जे नुकसान होतं, त्याचीही वेगळी भरपाई महामार्ग कायद्यात आहे. ती न मागणाऱ्याला कुणी आपणहून देत नाही. विहीर एका अंगाला गेली आणि बाग दुसऱ्या अंगाला राहिली, की सव्वा एकर गेलं म्हणण्याला अर्थ नसतो. निवाडा पटला नाही तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं. तो लवाद बहुधा महसूल खात्यातलाच वरचा साहेब असतो, यावर मी काही बोलत नाही. पैसे उचलताना 'हक्क राखून' असं लिहूनच उचला.

ते जोडपं. २०१३ चा कायदा 'बाधित कुटुंब' म्हणतो तेव्हा नुसता सातबारावाला धरत नाही. आधीची तीन वर्षं ज्यांचं पोट मुख्यतः त्या जमिनीवर होतं, त्या मजुरांचं कुटुंबही त्यात येतं. त्यांचं नाव यादीत घालायला बाबांनीच सांगितलं पाहिजे. मालक बोलला नाही तर मजुराला कोण विचारतो? आणि सरकारकडून मिळो न मिळो, तुमच्या हिशोबात त्यांचा वाटा असलाच पाहिजे. खरड छाटणीपासून घड उतरेपर्यंत त्या दोघांचे हात त्या वेलींना लागलेत. तुझ्या भावाचे किती लागलेत, ते तूच बघ.

हक्कसोडपत्रावर घाईने सही करू नकोस. रान वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. बाबांनी स्वतः घेतलेलं असेल तर ते असेपर्यंत प्रश्न त्यांचा एकट्याचा. जुने फेरफार काढून आधी ते ठरव. तुला पैसा नको असेल तर नको, ती तुझी मर्जी. पण तुझी सही म्हणजे त्या घरात अजून एक माणूस बोलायला शिल्लक असणं आहे. मोबदल्याची रक्कम एकाच हातात पडल्यावर दारात नवी गाडी येते आणि तिसऱ्या वर्षी ती हप्ते थकून जाते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की तुझ्या भावाला न ओळखता लिहायची हिंमत करते. राग मानू नकोस म्हणावं.

बाबांशी बोलायचं कसं? बोलू नकोसच. येत्या शनिवारी जा, फोन घरात ठेव आणि त्यांना म्हण, बाबा, खुणेचे दगड कुठे रोवलेत ते दाखवा. ते पुढे चालतील, तू मागून. विहीर कोणत्या साली लागली, किती फुटांवर पाणी आलं, पहिली रोपं कुठून आणली, ते सांगतील, सांगू दे. मध्येच कधीतरी विचार, की रस्ता गावाच्या खालूनच न्यायचा झाला तर तुम्ही कुठून नेला असता? ज्याने चाळीस वर्षं ते रान पायाखाली घातलंय, त्याला ओढा कुठे तुंबतो आणि मुरूम कुठे लागतो हे संगणकावर रेघ मारणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. ते जी रेघ दाखवतील ती कागदावर काढ. तीच तुमच्या हरकतीला जोडायची. कदाचित ती रेघ शेजारच्याच्या रानातून जाईल, तेव्हा त्यांना काय वाटतं तेही बघ. मला वाटतं कालव्याची गोष्ट त्या वेळी त्यांची त्यांनाच आठवेल.

पण त्याआधी एक काम. पेपरात गट नंबर आला म्हणतेस, 'मागच्या आठवड्यात'. तो पेपर रद्दीत गेला नसेल तर आजच आईला शोधायला सांग. वर कलम कुठलं लिहिलंय ते बघ, थ्री-ए की थ्री-डी. थ्री-ए असेल तर अधिसूचना राजपत्रात छापल्याच्या तारखेपासून एकवीस दिवस मोज, आणि त्यातले किती गेले ते मला उलट टपाली कळव.

मावशी